नळी, दारू आणि आडोसा

चौदाव्या शतकातल्या हातबंदुकीने नेम धरता येत नसे. तिला चाप नव्हता, दस्ता नव्हता, माशी नव्हती. दीड वीत लांबीची ओतीव नळी, तिच्या बुडाला बसवलेला लाकडी दांडा आणि नळीच्या मागच्या अंगाला पाडलेलं बारीक छिद्र, म्हणजे तिचा 'कान', एवढाच सगळा ऐवज. दारू घालायची, वर गोळी सोडायची, गजाने ठासायचं, कानावर रंजकाची चिमूट ठेवायची. मग एका हाताने दांडा काखेत आवळायचा आणि दुसऱ्या हातातली पेटती जामगी किंवा लाल तापलेली तार कानाला लावायची. नेमक्या त्या क्षणी शिपायाचे डोळे शत्रूवर नसत, कानावर असत. जामगी चुकली तर बार उडायचा नाही आणि बोट चुकलं तर भाजायचं.

तेवढ्या वेळात सरावलेला इंग्रज तिरंदाज आठ-दहा बाण सोडून मोकळा व्हायचा. त्याच्या धनुष्याचा पल्ला दोनशे मीटरच्या आसपास होता. या आखूड नळीतून सुटलेली गोळी पन्नास पावलांपलीकडे कुठे जाईल, हे तिचं तिलाच ठाऊक. पाऊस आला की दारू भिजली, वारा सुटला की रंजक उडालं. असलं हत्यार कुणी हाती का धरावं? तरीही चीनपासून बोहेमियापर्यंतच्या सैन्यांनी ते धरलं आणि पुन्हा खाली ठेवलं नाही. याचं कारण शोधायला नळीच्या आत बघून फारसं हाती लागत नाही. नळीच्या पुढे काय उभं होतं ते बघावं लागतं.

सुरुवात अर्थातच चीनमध्ये झाली. सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या मिश्रणाच्या कृती १०४४ सालच्या 'वूजिंग झोंगयाव' या सरकारी युद्धग्रंथात दिल्या आहेत. त्या दारूत सोरा कमी असे, त्यामुळे ती स्फोट होण्याऐवजी भडकून जळायची. बाणांना बांधून किंवा यंत्राने फेकायच्या गोळ्यांत भरून शत्रूची लाकडी सामग्री पेटवायला ती ठीक होती. पुढे कुणाच्या तरी डोक्यात ती नळीत भरून भाल्याला बांधायची कल्पना आली. दुनहुआंगच्या गुहांमध्ये सापडलेल्या दहाव्या शतकातल्या एका रेशमी पटावर ध्यानस्थ बुद्धावर चालून आलेलं माराचं सैन्य रंगवलं आहे आणि त्यातल्या एका राक्षसाच्या हातात ज्वाला ओकणारी नळी दिसते. पॅरिसच्या गिमे संग्रहालयात हा पट आहे.

प्रत्यक्ष लढाईतली ठळक नोंद मात्र ११३२ची, देआन शहराच्या वेढ्याची. शहराचा रक्षक चेन गुई याने लांब बांबूंचे वीसेक अग्निभाले करवून घेतले. तटाला भिडवायला हल्लेखोरांनी उंच लाकडी सांगाडा उभारला होता. तो जवळ आला की त्याच्यावरच्या माणसांवर हे भाले चालवायचे होते. म्हणजे हत्यार आलं ते वेढ्यात सापडलेल्या बाजूकडे, तटाच्या आसऱ्याने लढणाऱ्यांकडे.

पुढच्या शंभर वर्षांत अग्निभाला बराच हलका झाला. जुर्चेन लोकांच्या जिन राज्याचा इतिहास १२३३ची एक हकिगत सांगतो. मंगोलांनी राजधानी कैफंगला वेढा घातल्यावर जिन सम्राट निसटून ग्वेईदे शहरात आला होता आणि मंगोल तिथेही पाठोपाठ पोचले होते. पूचा ग्वाननू नावाच्या सरदाराने साडेचारशे निवडक माणसं घेतली, रात्री होड्यांतून मंगोल छावणीच्या पिछाडीला गाठलं आणि छापा घातला. त्यांच्या प्रत्येकाच्या भाल्याला दोरीने एक नळी बांधलेली होती. ही नळी बांबूचीही नव्हती. पिवळ्या जाड कागदाचे सोळा थर एकावर एक गुंडाळून केलेली, सुमारे दोन फूट लांब. आत वाळुंजाच्या लाकडाचा कोळसा, लोखंडाचा कीस, गंधक, सोमल असा मसाला. निखारे ठेवायला प्रत्येकाजवळ छोटी लोखंडी डबी. दिवाळीतला भुईनळा आडवा करून माणसाच्या तोंडापुढे धरावा तसला हा प्रकार, पण ज्वाला दहा फुटांच्या पुढे जाणारी. मसाला जळून संपला की नळी शाबूत राहायची आणि हातात भाला उरायचाच. बिथरलेले मंगोल नदीकडे पळाले आणि साडेतीन हजार बुडाले, असं तो इतिहास म्हणतो. जिंकणाऱ्याच्या आकड्यांना द्यायची ती सूट दिली तरी छापा यशस्वी झाला हे नक्की. सम्राटाला त्याचा फार दिवस आनंद लाभला नाही. ग्वाननूने दरबारच ताब्यात घेतला, सम्राटाने त्याचा काटा काढला आणि पुढच्याच वर्षी जिन राज्य संपलं.

ज्वालेबरोबर खडे आणि लोखंडाचे तुकडेही फेकले जात, पण ते नळीतून कसेही उडत. १२५९ मध्ये शौचुन इथे तयार झालेल्या बांबूच्या हत्याराबद्दलची नोंद थोडी वेगळी आहे: ज्वाला संपता संपता आतला गोळ्यांचा पुडका सुटायचा आणि त्याचा आवाज लांबवर जायचा. इथून पुढचा रस्ता सरळ होता. सोरा वाढवायचा, गोळी नळीला घट्ट बसवायची. पण मग बांबू फुटतो. धातू हवा.

१९७० मध्ये ईशान्य चीनमधल्या हेइलोंगजियांग प्रांतात काशाची एक नळी सापडली. लांबी ३४ सेंटिमीटर, वजन साडेतीन किलोच्या वर. हातात घेतली तर तिचे तीन भाग ओळखू येतात. पुढे सरळ नळी, तिचं तोंड अडीच सेंटिमीटरहून थोडंसं मोठं. मध्ये फुगीर कोठी, जिथे दारू बसायची. इथे धातू मुद्दाम जाड ओतलेला आहे, कारण सगळा दाब इथेच यायचा, आणि इथेच कान पाडलेला आहे. मागे पोकळ खोबण, दांडा ठोकण्यासाठी. नळीवर साल कोरलेलं नाही. पण सापडली ती जागा १२८७-८८ मधल्या नायान नावाच्या मंगोल राजपुत्राच्या बंडातल्या रणभूमीजवळची, आणि ते बंड मोडताना कुबलाई खानाच्या ली तिंग या सेनानीने अशी हत्यारं बाळगणारे शिपाई वापरल्याचं युआन राजवटीच्या इतिहासात आलं आहे. त्यामुळे ती १२८८ किंवा त्याआधीची मानतात. साल कोरलेली सर्वांत जुनी नळी कुबलाईच्या शांगदू या उन्हाळी राजधानीच्या परिसरातली, १२९८ची. ती सहा किलोंवर जाते.

ली तिंगने या शिपायांना उघड्या मैदानात रांगेने उभं केलं नव्हतं. त्याचाही भर होता रात्रीच्या छाप्यावर. अंधार, गोंगाट आणि बिचकलेली घोडी हाच हातबंदुकीचा पहिला आडोसा म्हणायचा.

शंभर वर्षांनी मिंग राजवटीने या हत्याराला कवायतीत बसवलं. १३८०च्या हुकमाप्रमाणे शंभर शिपायांमागे दहा बंदुकवाले, वीस ढाल-तलवारवाले, तीस तिरंदाज आणि चाळीस भालाईत असायचे. दहा टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण एवढ्या मोठ्या सैन्याचे दहा टक्के म्हणजे लाखाच्या घरातली माणसं. युरोपात तेव्हा एखाद्या राजाकडे शेकड्यांनी बंदुका असल्या तरी तो थाट होता. १३८८ मध्ये युन्नानात लुच्वान राज्याचं हत्तींचं दळ समोर आलं तेव्हा सेनापती मू यिंगने बंदुका आणि अग्निबाण तीन रांगांत मांडले. पहिल्या रांगेने बार काढूनही हत्ती मागे फिरले नाहीत तर दुसरीने काढायचा, मग तिसरीने. निम्मे हत्ती मेले, ३७ जिवंत पकडले गेले. बार भरणाऱ्या शिपायाला आडोसा लागतो. तो दुसऱ्या शिपायांच्या रांगेचाही असू शकतो, हे मू यिंगच्या ध्यानात आलं. युरोपला हीच युक्ती सापडायला आणखी दोनशे वर्षं लागली.

दारूची कृती युरोपात तेराव्या शतकात पोचली. नेमकी कुणाच्या सामानातून, यावर विद्वानांनी भरपूर दारू उडवली आहे. आपण पुढे जाऊ. १३२६ मध्ये फ्लॉरेन्सच्या नगरसभेने धातूच्या तोफा आणि लोखंडी गोळे करायला माणसं नेमली, आणि त्याच साली इंग्लंडमध्ये वॉल्टर द मिलिमीट याने राजासाठी तयार केलेल्या हस्तलिखितात फुलदाणीच्या आकाराच्या तोफेचं चित्र आलं. तोफेतून गोळा नाही, जाडजूड बाण बाहेर पडताना दाखवला आहे. हा चित्रकाराचा कल्पनाविलास नव्हे. १३३८ मध्ये रूआं इथल्या फ्रेंच आरमाराच्या कागदात एक लोखंडी 'भांडं', त्यातून मारायचे ४८ बाण, एक पौंड सोरा आणि अर्धा पौंड गंधक एवढी यादी आहे. ४८ बाणांना एक पौंड सोरा! दारू किती महाग होती याचा अंदाज यावरून येतो. स्वीडनमध्ये लोसहुल्ट इथे १८६१ मध्ये सापडलेली, साधारण तीस सेंटिमीटर लांब आणि नऊ किलो वजनाची काशाची नळी याच फुलदाणीसारख्या घाटाची आहे.

हातात धरून मारायच्या नळ्यांचा उल्लेख इटलीतल्या पेरुजा शहराच्या बखरीत येतो. १३६४ मध्ये शहराने वीतभर लांबीच्या पाचशे नळ्या करवून घेतल्या आणि त्या कोणतंही चिलखत भेदतील असा दावा बखरकाराने केला. दावा अतिशयोक्त असणार. पण 'पाचशे' हा आकडा बोलका आहे. या नळ्या एखाद्या सरदाराने हौसेने केलेल्या नव्हत्या, एका व्यापारी शहराने घाऊक करवून घेतल्या होत्या. धनुष्य ओढायला खांद्यात बळ लागतं आणि ते पोरवयापासून कमवावं लागतं. पोलादी कमानीचं आडवं धनुष्य करायला कसबी कारागीर लागतो. घंटा ओतणाऱ्याला नळी ओतणं जड नव्हतं, आणि ती चालवायला विणकराच्या किंवा खाटकाच्या पोराला चार दिवसांत शिकवता येई. शहरांना तट होते, तटाला जंग्या होत्या, आणि तटाआडून मारणाऱ्याला घाई नव्हती.

जर्मनीत हेसे प्रांतात टानेनबेर्ग नावाचा एक छोटा किल्ला होता. त्याचे मालक वाटमारी करत म्हणून फ्रॅंकफुर्ट आणि आसपासच्या सत्तांनी १३९९ मध्ये मोठी तोफ आणून तो पाडला. पुन्हा कुणी तो बांधला नाही. १८४९ मध्ये ढिगारा उपसताना काशाची नळी मिळाली: ३२ सेंटिमीटर लांब, वजन सव्वा किलोच्या आसपास, तोंड सतरा-अठरा मिलिमीटरचं. हेइलोंगजियांगच्या नळीशी लांबी जवळपास तीच, वजन तिच्या एक तृतीयांश. किल्ला १३९९ नंतर वसलाच नाही, त्यामुळे नळीचं वयही ठरून गेलं. जुन्या हत्यारांच्या अभ्यासात इतकी स्वच्छ तारीख क्वचित मिळते.

या काळात आणखी दोन गोष्टी रणांगणापासून दूर घडत होत्या, त्यातली पहिली शेणामुतात. १३८८ मध्ये फ्रॅंकफुर्टमध्ये सोरा 'पिकवण्याची' नोंद मिळते: शेण, मूत्र, चुना आणि माती यांचे ढीग महिनोन्महिने कुजवायचे, मग ती माती धुऊन सोरा काढायचा. सोरा घरचा झाला तशी दारू स्वस्त होत गेली. दुसरी गोष्ट दारू मळण्याची. कोरडी पूड गाडीच्या हादऱ्यांनी वेगवेगळी होई आणि दमट हवेत ओल धरी. ती ओली करून तिचे गोळे वळले, वाळवले आणि लागतील तसे फोडले तर दारू टिकायची आणि जोरही वाढायचा. १४२०च्या सुमाराच्या एका जर्मन दारूकामाच्या पुस्तकात अशी दोन पौंड दारू साध्या तीन पौंडांच्या वरचढ ठरते असं सांगितलं आहे.

तरीही मोकळ्या मैदानात घोडदळ अंगावर आलं तर बंदुकवाल्याचं मरण ठरलेलं. एकदा बार काढायचा आणि पळायचं. हे गणित बदललं बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक देशात.

धर्मसुधारक यान हुस याला १४१५ मध्ये कॉन्स्टन्स इथे जिवंत जाळलं. त्याच्या अनुयायांनी काही वर्षांत बंड पुकारलं आणि पोपने त्यांच्याविरुद्ध धर्मयुद्ध जाहीर केलं. हुसपंथीयांकडे शेतकरी होते, कारागीर होते, थोडे गरीब सरदार होते. चिलखती घोडदळ जवळजवळ नव्हतं. आणि यान झिझ्का होता. पन्नाशी ओलांडलेला, एका डोळ्याने आंधळा, आयुष्यभर भाडोत्री शिपाईगिरी केलेला माणूस.

२५ मार्च १४२० रोजी तो सुमारे चारशे माणसं घेऊन ताबोर या हुसपंथीयांच्या ठाण्याकडे निघाला होता. त्यात बायका-मुलंही होती. सुदोमेर्झ गावाजवळ दोनेक हजार स्वारांनी त्याला गाठलं. झिझ्काने जवळचे बारा गाडे कोरड्या पडलेल्या मत्स्यतळ्याच्या बांधाला लावून उभे केले आणि माणसं त्यांच्या मागे घेतली. बाजूला दलदल; घोडी पुढे घालता येईनात. स्वार उतरून पायी आले आणि जड चिलखतांसकट चिखलात रुतले. बायकांनी आपले रुमाल जमिनीवर पसरले आणि त्यात स्वारांच्या टाचांच्या आऱ्या अडकल्या, अशीही कथा चेक लोक सांगतात. अंधार पडेपर्यंत गाडे टिकले आणि शत्रू निघून गेला.

झिझ्काने मग या गाड्यांचं शास्त्रच केलं. शेतावरचा चार चाकी गाडा. एका अंगाला उंच जाड फळ्या, त्यांत जंग्या. चाकांच्या मधल्या पोकळीतून कुणी सरपटत येऊ नये म्हणून खालीही फळी. गाडे चाकाला चाक लावून साखळ्यांनी बांधायचे आणि घोडी सोडून आत घ्यायची. दर गाड्यामागे वीसेक माणसं: दोघे हातबंदुकवाले, सहाएक आडव्या धनुष्याचे, बाकीचे भाले, ढाली आणि धान्य झोडपायच्या दांडक्यांना लोखंडी खिळे ठोकून केलेली हत्यारं घेतलेले. गाड्यांमधल्या फटींत छोट्या तोफा. बंदुकवाले वीसात दोनच, हे नजरेतून सुटू नये. गाड्याने त्यांना फळीमागे शांतपणे बार भरायची सोय दिली, आणि जवळ पोचलेल्या स्वाराशी झुंजायला शेजारी दांडकेवाला उभा होताच. घोडदळ या भिंतीवर आदळून विस्कळलं की दोन गाडे बाजूला करून आतली माणसं बाहेर तुटून पडत.

फळीवर टेकवायची म्हणून बंदुकीच्या पोटाला आकडा आला. तो फळीच्या किंवा तटाच्या बाहेरच्या अंगाला अडकवला की धक्का शिपायाच्या खांद्याऐवजी फळीला बसायचा, त्यामुळे नळी लांब आणि बार मोठा करता आला. आडोसा आधी आला आणि त्याच्या मापाने बंदूक घडली.

१४२१ मध्ये राबी किल्ल्याच्या वेढ्यात झिझ्काचा उरलेला डोळाही गेला. पूर्ण आंधळा झाल्यावर तो आणखी तीन वर्षं लढला. त्याच वर्षी डिसेंबरात कुत्ना होराजवळ राजा सिगिस्मुंडच्या सैन्याने त्याला वेढलं, तेव्हा त्याने गाडे चालते ठेवून, त्यांवरून मारा करत कोंडी फोडली. १४२४ मध्ये तो साथीत मेला तोवर एकही मोठी लढाई हरला नव्हता. १४३४ मध्ये लिपानीला त्याच्या वारसांचा मोड झाला तो त्यांच्याच युक्तीने. समोरही चेक लोकच होते आणि त्यांच्याकडेही गाडे होते. त्यांनी पळण्याचं सोंग केलं, ताबोरवाले गाडे उघडून पाठलागाला बाहेर पडले आणि दबा धरलेल्या घोडदळाने त्यांना उघड्यावर गाठलं.

नेम धरण्याचा प्रश्न दरम्यान लोहारांनी सोडवायला घेतला होता. १४११ सालच्या एका व्हिएन्नातल्या हस्तलिखितात बंदुकीवर नागमोडी लोखंडी पट्टी दिसते. तिच्या वरच्या टोकात जामगी पकडलेली, खालचं टोक बोटांनी ओढलं की जामगी कानावर उतरते. एवढ्याने दुसरा हात मोकळा झाला आणि डोळे समोर बघू लागले. शतक संपेपर्यंत कमान, चाप आणि खांद्याला लावायचा दस्ता जुळून तोड्याची बंदूक तयार झाली.

बोहेमियन गाडेवाले पुढे हंगेरीच्या यानोश हुन्यादीच्या पदरी राहिले आणि १४४३-४४ मध्ये तुर्कांवर चालून गेले. तुर्कांनी मार खाल्ला आणि युक्ती उचलली. १५१४ मध्ये चाल्दिरानला सुलतान सलीमने साखळ्यांनी बांधलेल्या गाड्यांआड तोफा आणि जानिसारी बंदुकवाले ठेवले आणि इराणी घोडदळाचा चक्काचूर केला.

तोपर्यंत पश्चिम किनाऱ्यावर हीच विद्या दुसऱ्या वाटेने येऊन ठेपली होती. १५१० मध्ये अफोन्सो द अल्बुकर्कने आदिलशहाकडून गोवा घेतला आणि तिथले बंदुका घडवणारे कारागीर त्याच्या हाती आले. १५१३ मध्ये त्याने पोर्तुगालच्या राजाला कळवलं की गोव्यातले कारागीर बोहेमियाच्या तोडीच्या बंदुका करतात. तुलनेला त्याने लिस्बन घेतलं नाही, बोहेमिया घेतला; झिझ्कानंतर नव्वद वर्षांनीही बंदुकीचं माप तिथलंच होतं.

वायव्येकडे मात्र बंदुकीचं नावही न ऐकलेले लोक होते. जानेवारी १५१९ मध्ये बाबराने बाजौरच्या किल्ल्याला वेढा घातला तेव्हा तटावरच्या लोकांनी बाराचा आवाज ऐकून खिल्ली उडवली आणि अश्लील हावभाव करून उत्तर दिलं, असं त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. बाबराच्या पदरच्या उस्ताद अली कुलीने त्या दिवशी बंदुकीने पाच जण टिपले. संध्याकाळपर्यंत तटावर डोकं वर काढायला कुणी तयार नव्हतं.

सात वर्षांनी, एप्रिल १५२६ मध्ये, तोच उस्ताद अली पानिपतावर होता. बाबराने सातशे गाडे जमवून ते कच्च्या चामड्याच्या दोरांनी एकमेकांना बांधवले होते, तुर्कांच्या रिवाजाप्रमाणे, असं तो स्वतःच सांगतो. दर दोन गाड्यांच्या मध्ये पाच-सहा आडोसे उभे केले होते आणि त्यांच्या मागे बंदुकवाले. अधूनमधून शे-दीडशे स्वार बाहेर पडतील एवढ्या वाटा मोकळ्या सोडल्या होत्या. एका बाजूला पानिपत गावाची घरं, दुसऱ्या बाजूला खंदक आणि तोडलेल्या झाडांच्या फांद्या. इब्राहिम लोदीचं सैन्य या रांगेसमोर येऊन अडलं, मागचे पुढच्यांवर आदळले, आणि बाबराच्या दोन्ही बगलांचे तिरंदाज स्वार वळसा घालून त्यांच्या पाठीशी पोचले. दुपारपर्यंत लढाई आटोपली.